‘येशूसाठी सोसते’ म्हणून सासूबाई गोळी घेत नाहीत: दुःख आणि आशेबद्दल धर्म काय सांगतात?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणाऱ्या ताई वडगाव शेरीत राहतात. माहेर हिंदू, सासर मराठी कॅथलिक. सासूबाईंचा कर्करोग हाडांत पसरला आहे. डॉक्टरांनी मॉर्फीनच्या गोळ्या दिल्या आहेत, पण सासूबाई बऱ्याचदा गोळी बाजूला ठेवतात आणि म्हणतात, “येशूने माझ्यासाठी सोसलं, मी त्याच्यासाठी एवढं सोसते.” ताईंची आई भेटायला येते तेव्हा बाहेरच्या खोलीत म्हणते, “प्रारब्धाचे भोग आहेत, भोगूनच संपवावे लागतात.” ताईंचे यजमान काहीच बोलत नाहीत. ताई विचारतात: कॅथलिक धर्मात दुःखाकडे आणि आशेकडे नेमकं कसं पाहतात? इतर धर्मांत काय वेगळं आहे? आणि सासूबाईंना आशा द्यायची की खरं सांगायचं?

ताई, सगळ्यात निकडीचं आधी सांगते. वेदना कमी करणारं औषध घ्यायला कॅथलिक चर्चची मनाई नाही. १९५७ साली पोप बारावे पायस यांनी भूलतज्ज्ञांसमोर बोलताना हाच प्रश्न घेतला होता. मरणाच्या वाटेवरच्या रुग्णाची वेदना औषधाने शमवावी का, त्यामुळे गुंगी आली किंवा आयुष्य थोडं कमी होण्याची शक्यता असली तरी? दुसरा उपाय नसेल आणि हेतू वेदना शमवण्याचाच असेल तर चालतं, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. चर्चच्या अधिकृत धर्मशिक्षण ग्रंथात, कलम २२७९ मध्ये, आजही हेच आहे. अशा रुग्णांची वेदनाशामक शुश्रूषा म्हणजे निःस्वार्थ प्रेमाचंच एक रूप, असंही तिथे म्हटलं आहे. १९८० साली व्हॅटिकनने जे निवेदन काढलं त्यात दुसरी बाजूही आली: एखाद्याला स्वखुशीने थोडी वेदना पत्करायची असेल तर त्याचा मान ठेवावा, पण तो सगळ्यांसाठी नियम करू नये. म्हणजे सासूबाई गोळी घेतात तेव्हा त्यांची श्रद्धा कमी पडत नाही, आणि एखाद्या वेळी घेत नाहीत तेव्हा त्या हट्टी ठरत नाहीत.

मी पुण्यात पॅलिएटिव्ह केअरमध्ये समुपदेशक म्हणून बरीच वर्षं काम करते आहे. बऱ्या न होणाऱ्या आजारात रुग्णाचा त्रास कमी करणं आणि घरच्यांना सोबत करणं, हे आमचं काम. मी स्वतः वारकरी घरातली. कॅथलिक रुग्णांबद्दल मला जे कळलं ते त्यांच्याकडून, आणि वॉर्डात येणाऱ्या फादर-सिस्टरांकडून. त्यामुळे चर्चच्या वतीने मी बोलू शकत नाही. खाटेजवळ बसून जे दिसलं ते सांगू शकते.

तुम्ही धर्मांची तुलना विचारलीत, पण मला वाटतं तुमची खरी अडचण वेगळी आहे. सासूबाईंची श्रद्धा न दुखावता त्यांचं दुखणं कमी करायला मी हात घालू का, आणि घालायचा तर काय बोलून, हे तुम्हाला हवं आहे. याचं उत्तर बऱ्याच अंशी सासूबाईंवर अवलंबून आहे. त्या शांतपणे, चेहरा मोकळा ठेवून ‘सोसते’ म्हणतात की दात आवळून? पूर्ण शुद्धीत असतात का? हे बोलणं आयुष्यभराच्या प्रार्थनेतून आलंय की आजारपणात कुणी तरी त्यांच्या मनात भरवलंय? मी त्यांना पाहिलेलं नाही, तुम्ही रोज पाहता.

आता कॅथलिक विचाराकडे येते. लोकांना वाटतं की या धर्मात दुःखालाच पवित्र मानतात. घरात क्रूस, गळ्यात क्रूस, आणि क्रुसावर रक्ताळलेला देह. त्यामुळे तसं वाटणं साहजिक आहे. पण बायबलमधला येशू भेटेल त्या आजाऱ्याला बरं करत फिरतो. ‘सोस, चांगलं असतं’ असं तो कुणालाही म्हणत नाही. योहानाच्या शुभवर्तमानात, नवव्या अध्यायात, जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशू म्हणतो, याचंही नाही आणि याच्या आईबापांचंही नाही. आणि त्याला दृष्टी देतो. स्वतःवर वेळ आली तेव्हा गेथशेमाने बागेत हा प्याला टळू दे अशी विनवणी करतो. क्रुसावर बाविसाव्या स्तोत्रातली ओळ ओरडतो: माझ्या देवा, माझ्या देवा, तू मला का सोडलंस? दुःखाची आवड असलेल्या माणसाच्या तोंडी हे शब्द येणार नाहीत.

मग ‘त्याच्यासाठी सोसते’ हे कुठून येतं? संत पौलाच्या कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात एक अवघड वाक्य आहे (१:२४). ख्रिस्ताच्या क्लेशांत जे उरलं आहे ते मी माझ्या देहात मंडळीसाठी (म्हणजे चर्चसाठी) भरून काढतो, असा त्याचा भाव. त्यातून कॅथलिक घरांत पिढ्यान् पिढ्या एक सवय रुजली: जे दुखणं टळतच नाही ते येशूच्या दुःखाला जोडायचं आणि कुणासाठी तरी अर्पण करायचं. नातवाच्या परीक्षेसाठी, दारू पिणाऱ्या भावासाठी, वॉर्डातल्या शेजारणीसाठी. मी हे फार जवळून पाहिलं आहे आणि मला त्याबद्दल मनापासून आदर आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला सगळ्यात जास्त काय खातं, तर आपला आता कुणाला उपयोग नाही ही भावना. अर्पण करणाऱ्या बाईला ती भावना तितकी खात नाही. तिच्याकडे अजून देण्यासारखं काही तरी असतं. तेव्हा सासूबाईंचं हे वाक्य ‘जुन्या समजुती’ म्हणून खोडून काढू नका. कदाचित त्याच वाक्यावर त्या उभ्या असतील.

पण त्याच शिकवणीचा उरलेला भागही त्यांच्यासमोर ठेवता येतो. पोप जॉन पॉल दुसरे यांना १९८१ साली गोळ्या लागल्या होत्या. त्यानंतर, ११ फेब्रुवारी १९८४ रोजी, त्यांनी मानवी दुःखावर एक मोठं पत्र लिहिलं. दुःखातून तारणाचा अर्थ कसा निघतो हे सांगून ते पत्र शेवटाकडे येतं ते चांगल्या शोमरोनी माणसाच्या दाखल्यावर. वाटेत जखमी पडलेल्याला पाहून थांबणारा, जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतणारा, त्याला आपल्या जनावरावर घालून उतारशाळेत नेणारा. त्यांचं म्हणणं असं की ख्रिस्ताने दोन्ही गोष्टी शिकवल्या: आपल्या दुःखातून भलं करायचं, आणि दुःख भोगणाऱ्याचं भलं करायचं. ताई, यातली दुसरी गोष्ट तुम्ही करता आहात. पेला आणि गोळी घेऊन तुम्ही उभ्या असता तेव्हा सासूबाईंच्याच धर्मातल्या एका जागी उभ्या असता.

काही भाविक रुग्ण मला सांगतात, येशूनेही गुंगी आणणारा द्राक्षारस नाकारला होता. खरं आहे, मार्कच्या पंधराव्या अध्यायात बोळ नावाचा डिंक मिसळलेला द्राक्षारस तो घेत नाही. पण योहान सांगतो की अगदी शेवटी तो ‘मला तहान लागली आहे’ म्हणतो आणि ओठांना लावलेला आंब (आंबट द्राक्षारस) घेतो. शिवाय क्रूस त्याने एकट्याने वाहिलेला नाही. कुरेनेच्या शिमोनाला मध्येच धरून त्याच्या खांद्यावर क्रूस दिला गेला. उपवासकाळात सासूबाई दर शुक्रवारी चर्चमध्ये ‘क्रुसाची वाट’ (येशूच्या शेवटच्या प्रवासातल्या एकेका प्रसंगापाशी थांबून केलेली प्रार्थना) करत असतील, तर पाचवं स्थान त्यांना तोंडपाठ असेल. तिथे शिमोनच आहे. मला जमलं तर मी त्यांना एवढंच विचारेन: आई, येशूने शिमोनाला हात लावू दिला, तुम्ही सूनबाईला लावू द्याल का? हे तुम्ही किंवा तुमचे यजमान विचारू शकता. फादरांनी विचारलं तर उत्तम.

आणखी एक अनुभव. ‘देवासाठी सोसते’ यामागे पुष्कळदा दुसरं काही तरी दडलेलं असतं. मॉर्फीनची सवय लागेल ही भीती. ‘मॉर्फीन दिलं म्हणजे आता संपलं’ हा समज. मुलाचा खर्च होतोय हा सल. गोळीने झापड येते आणि मग जपमाळ पुरी होत नाही, ही तर खरी तक्रार. म्हणून समजूत घालण्याआधी विचारा, “आई, गोळी घेतल्यावर काय होतं? काय नको वाटतं?” आणि मग थांबा. लगेच उत्तर आलं नाही तरी चालेल. झापड ही अडचण निघाली तर डॉक्टरांना सांगा. सुरुवातीची सुस्ती बहुतेकांची काही दिवसांत ओसरते, आणि मात्रा व वेळा बदलून सकाळच्या प्रार्थनेला किंवा घरी ख्रिस्तप्रसाद आणतात त्या वेळेला जागं राहणं साधता येतं. बद्धकोष्ठता मात्र आपोआप जात नाही, त्यासाठी रोज वेगळं औषध लागतं. ते न मिळाल्याने गोळी नको म्हणणारे रुग्ण मी खूप पाहिले. कर्करोगाच्या वेदनेसाठी नीट मात्रेत दिलेल्या मॉर्फीनचं व्यसन लागणं दुर्मीळ आहे. हाडांच्या दुखण्यावर रेडिएशनची एखादी बैठकही कधी कधी चांगला उतार देते, तेही विचारून घ्या.

आशेबद्दल. इस्पितळात आशा म्हणजे ‘बरं होणार’ एवढाच अर्थ उरतो. कॅथलिक परंपरेत श्रद्धा, आशा आणि प्रीती हे तीन मुख्य सद्‌गुण, आणि यातली आशा ही देव आपल्याला सोडणार नाही, मरणातही नाही, यावरची भिस्त आहे. रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात पौल लिहितो की संकटातून धीर, धीरातून कसोटीला उतरलेलं शील आणि त्यातून आशा निर्माण होते, आणि ही आशा लाजवत नाही. फ्रान्समधल्या लूर्द या तीर्थक्षेत्राचं उदाहरण बघा. १८५८ पासून तिथे आजारी माणसं जातात, आता दरवर्षी लाखो लोक जातात. चर्चने अधिकृतपणे चमत्कार म्हणून मान्य केलेल्या घटना मात्र इतक्या वर्षांत सत्तरच्या आसपास. बाकी सगळे आजार घेऊनच परततात, तरी पुन्हा जायचं म्हणतात. का, तर तिथे आजारी माणूस मिरवणुकीत पुढे असतो. १९९३ पासून चर्च ११ फेब्रुवारीला, लूर्दमातेच्या सणाच्या दिवशी, जागतिक रुग्णदिन पाळतं. मुंबईत माहीमच्या चर्चमध्ये बुधवारी नोव्हेनाच्या प्रार्थनेला जाणाऱ्या गर्दीत सगळ्या धर्मांची माणसं असतात, तीही याच ओढीने येत असावीत असं मला वाटतं.

आता तुमच्या आईच्या वाक्याकडे. कर्मविचारात संचित (मागचं साठलेलं कर्म) आहे, प्रारब्ध (त्यातलं आत्ता भोगायला आलेलं) आहे आणि क्रियमाणही आहे. आपल्याकडे भेटायला येणारे फक्त प्रारब्ध सांगतात. आत्ता, या घडीला जे करायचं ते क्रियमाण, आणि तिथेच या विचारातली आशा आहे. कुणाचं प्रारब्ध काय ते आपल्याला दिसत नाही, पण समोरच्याचं दुखणं दिसतं आणि गोळी हातात असते. गीतेत दुसऱ्या अध्यायात श्रीकृष्ण सुखदुःखं येतात-जातात, ती सोस म्हणून सांगतो, पण सांगतो ते स्वतः अर्जुनाच्या रथावर बसून, लगाम हातात धरून.

देहू तर आपल्याला जवळच. तुकाराम महाराजांच्या घरात दुष्काळात पहिली बायको अन्नावाचून गेली, मुलगा गेला, दुकान बुडालं. नंतर त्यांनी लिहिलं, ‘बरें जालें देवा निघालें दिवाळें । बरी या दुष्काळें पीडा केली ॥’. हा अभंग मी लहानपणापासून ऐकते आहे. तो त्यांनी स्वतःबद्दल म्हटला आहे, शेजाऱ्याच्या घरी जाऊन त्याला ऐकवलेला नाही. त्या दोन गोष्टींत किती अंतर आहे, हे मला या कामात आल्यावर कळलं. ‘बरं झालं’ म्हणायचा हक्क ज्याचं गेलं त्याचा. तुमच्या सासूबाई ‘मी सोसते’ म्हणतात ती प्रार्थना आहे. तेच वाक्य आपण त्यांना ‘सोसा’ म्हणून सांगितलं की ती शिक्षा होते. प्रारब्धाचंही तसंच. स्वतःच्या दुखण्याला प्रारब्ध म्हणून शांत झालेले आजोबा मी पाहिले आहेत, आणि दुसऱ्यांच्या तोंडून ते ऐकून भिंतीकडे तोंड करून झोपलेल्या बायकाही.

बायबलमध्ये ईयोबाची कथा याच गोष्टीची आहे. सगळं गमावून राखेत बसलेल्या ईयोबाला भेटायला मित्र येतात, सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसतात. तोवर सगळं ठीक असतं. मग ते बोलू लागतात, तुझं काही तरी चुकलं असणार म्हणतात, आणि शेवटी देवाचा राग होतो तो त्या मित्रांवर. देवाशी भांडणाऱ्या ईयोबाने नीट सांगितलं असं देव म्हणतो. ज्यूंच्या घरी मृत्यूनंतर सात दिवस शिवा, म्हणजे दुखवटा, पाळतात. तिथे गेलेल्याने आधी बोलायचं नाही, दुःखातल्या माणसाने तोंड उघडेपर्यंत थांबायचं, अशी रीत आहे. आपल्याकडे विठ्ठलाला शिव्या घालणारी जनाबाई आहे. स्तोत्रसंहितेत देवाला जाब विचारणारी कितीतरी स्तोत्रं आहेत. सासूबाई एखाद्या रात्री ‘देवा, माझ्याच वाट्याला का’ म्हणून रडल्या तर ‘असं बोलू नये’ म्हणून थांबवू नका. ऐकणारं कुणी आहे असं वाटतं तोवरच माणूस भांडतो. मला तर ते आशेचंच लक्षण वाटतं.

इस्लामबद्दल थोडंच सांगते. ‘सब्र’ म्हणजे धीर, मूग गिळून बसणं नव्हे. कुराणात याकूब मुलाच्या विरहात रडून रडून दृष्टी गमावतात, तरी त्यांचा सब्र सुंदर म्हटला आहे. आजारपणात पापं झडतात, काटा रुतला तरी, असं पैगंबरांचं वचन आहे. उपचार करा असंही त्यांनीच सांगितलं आहे. आणि आजाऱ्याला भेटणं हे मुसलमानाचं कर्तव्य मानलं आहे. आमच्या वॉर्डात मुस्लिम रुग्णांच्या खाटेभोवती गर्दी का असते ते मला यातून कळलं.

बुद्धाच्या विचारात दुःखाला अर्थ देण्याची घाई नाही. दुःख आहे, त्याला कारण आहे, ते थांबू शकतं, त्याला मार्ग आहे. मेलेलं बाळ घेऊन आलेल्या किसा गोतमीला बुद्ध ज्या घरी कुणी मेलेलं नाही तिथून मोहरी आणायला सांगतात. ती दारोदार फिरते, आणि प्रत्येक घरात तिला आपल्यासारखं कुणी तरी भेटतं. महाराष्ट्रातले बौद्ध रुग्ण यात आणखी एक बाजू आणतात, बाबासाहेबांची. देहूरोडला १९५४ साली बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली, १९५६ साली नागपुरात धम्म स्वीकारला. माणसाने माणसावर केलेल्या अन्यायातून येणारं दुःख त्यांनी समोर ठेवलं. वस्तीतला माणूस उशिरा निदान होऊन येतो तेव्हा त्याला नशीब सांगून चालत नाही, हे त्यांच्यामुळे मराठीत ठणकावून म्हणता येतं.

राहिला प्रश्न खरं सांगायचं की आशा द्यायची. सासूबाईंना किती कळलंय हे आधी त्यांनाच विचारा: “आई, डॉक्टरांनी काय सांगितलं असं तुम्हाला वाटतं?” बहुतेकांना माहीत असतं. त्यांनी ‘मी बरी होईन ना’ विचारलं, तर ‘हो हो’ म्हणू नका, ‘नाही’ही तोडून टाकू नका. “आजार जाईल असं डॉक्टर म्हणत नाहीत. पण दुखणं कमी करता येतं, आणि आम्ही कुठे जाणार नाही,” हे खरं आहे आणि त्यांना ते पेलेल. त्या चमत्कारासाठी प्रार्थना करत असतील तर तुम्हीही हात जोडा, फक्त त्यासाठी औषध बंद होऊ देऊ नका.

फादरांना बोलवायला उशीर करू नका. आजाऱ्यांना तेल लावण्याचा संस्कार म्हणजे शेवटची घटका, असा समज अजून आहे. आपल्याकडे गंगाजल काढलं की घरचे घाबरतात, तसाच. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (चर्चमध्ये सुधारणा करणारी बिशपांची सभा), १९७२ साली विधीत सुधारणा झाली. गंभीर आजार सुरू झाला की हा संस्कार घेता येतो, आजार वाढला तर पुन्हाही घेता येतो. फादरांना आधी फोनवर गोळीची गोष्ट सांगून ठेवा. मॉर्फीन घ्यायला हरकत नाही हे तुमच्या तोंडून ऐकणं आणि त्यांच्या तोंडून ऐकणं यात सासूबाईंसाठी फरक पडेल.

तुमच्या आईशी तुम्हीच बोला, यजमानांना मध्ये घालू नका. आईच्या मनात वाईट काही नाही. ‘आई, ते वाक्य इथे नको, तू फक्त त्यांचे पाय चेपून दे’ म्हणालात तर त्या नक्की चेपतील. यजमानांच्या गप्प राहण्याची मला जास्त काळजी वाटते. रात्रीची गोळी द्यायचं काम त्यांच्याकडे द्या. मुलाने दिलेली गोळी आया सहसा परत करत नाहीत, आणि त्यांनाही आईजवळ बसायला निमित्त मिळेल.

घरी झेपेनासं झालं तर वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र १९९७ पासून आहे, तिथे शुश्रूषा मोफत होते. तोवर गोळ्यांच्या वेळा आणि दुखण्याचा जोर, शून्य ते दहा, एका वहीत लिहीत चला आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवा. मध्येच रात्री दुखणं अनावर झालं तर सकाळपर्यंत थांबू नका, लगेच फोन करा.